संगणक बंद केल्यावरही यूएसबी उपकरणे चालू राहतात तेव्हा काय करावे: घरच्या घरी करायच्या पायऱ्या

ऐरोलीच्या आमच्या वन बीएचके घरात संगणकाचे टेबल हॉलमध्ये, आईच्या दिवाणाच्या पायथ्याशी आहे. आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून रात्रीच्या अंधारातला लहानसा उजेडही तिला टोचू लागला. मी रोज रात्री संगणक शट डाउन करत असे, पडदा काळा होई, पंखा थांबे. परंतु कीबोर्डचे रंगीत दिवे, माउसचा लाल दिवा आणि वेबकॅमवरचा निळा ठिपका पहाटेपर्यंत तसेच जळत राहत. मला त्याचे काही वाटत नव्हते, पण आई कीबोर्डवर टॉवेल टाकून झोपते हे लक्षात आले तेव्हा हा प्रश्न मुळापासून सोडवायचे मी ठरवले.

त्यात माझे दोन शनिवार-रविवार गेले. विंडोजमधली एकेक सेटिंग बदलून पाहिली, बटणे असलेला एक यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करून देणारी डबी) विकत घेतला, आणि एका दुकानातील तंत्रज्ञाने एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) बिघडला आहे असे सांगून तो बदलण्याचा सल्लाही दिला. प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नव्हते. संगणक त्याला जसे बनवले आहे तसाच वागत होता आणि उपाय मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीच्या, एका सेटिंगमध्ये होता. ही सेटिंग ज्यात असते तो बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) ज्यांनी कधी उघडलेला नाही अशांसाठी मी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

बंद संगणकात वीज येते कुठून

जुन्या संगणकांच्या पुढच्या बटणाने विजेचा प्रवाह खरोखरच तुटत असे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आणली आणि तेव्हापासून पुढचे बटण हे केवळ मदरबोर्डला इशारा देणारे बटण झाले. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस पूर्ण झोपत नाही. त्यातून मदरबोर्डकडे जाणाऱ्या २४ पिनांच्या जोडणीत ९ क्रमांकाच्या पिनेवर, परंपरेने जांभळ्या रंगाच्या वायरीतून, ५ व्होल्टची एक वेगळी वीज अखंड येत राहते. एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात ती ‘+५व्हीएसबी’ या नावाने छापलेली असते आणि तिच्याखाली बहुधा २ ते ३ अँपिअर हा आकडा असतो. शेवटची दोन अक्षरे ‘स्टँडबाय’ या शब्दासाठी आहेत.

ही वीज निरुपयोगी नाही. पुढचे बटण दाबल्याचे मदरबोर्डला कळते ते तिच्यामुळेच. कीबोर्डची कळ दाबून किंवा नेटवर्कवरून संदेश पाठवून बंद संगणक सुरू करता येतो तोही तिच्यामुळेच. यूएसबी पोर्टही ५ व्होल्टवरच चालत असल्यामुळे बहुतेक मदरबोर्ड हीच वीज पोर्टांकडे वळवून ठेवतात, आणि म्हणून दिवे जळतात. येथे एक शंका दूर करणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या शेजारच्या काकूंनी ती काळजीने विचारली होती. बंद संगणकाला जोडलेल्या वेबकॅमचा दिवा जळतो याचा अर्थ कोणी आपल्याला पाहत आहे असा होत नाही. कॅमेऱ्याला वीज मिळत असली तरी त्याचे चित्र घेऊन पुढे पाठवणारा संगणक त्या वेळी चालू नसतो.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- मदरबोर्डचे किंवा ब्रँडेड संगणकाचे मॉडेलचे नाव. विंडोजच्या शोधपट्टीत ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधल्यास उघडणाऱ्या यादीत मदरबोर्डचे नाव ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ या ओळीपुढे आणि ब्रँडेड संगणकाचे ‘सिस्टीम मॉडेल’ या ओळीपुढे मिळते.
- त्या मॉडेलचे माहितीपुस्तक. खोके टाकून दिले असले तरी कंपनीच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येते.
- यूएसबीवर चालणारा साधा छोटा दिवा किंवा पंखा. व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा यूएसबी मीटर मिळाला तर अधिक चांगले, पण त्यावाचून अडत नाही.
- बायोसच्या पडद्याची छायाचित्रे काढण्यासाठी मोबाईल.
- वही आणि पेन.
- विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक आकडा. बायोसमध्ये काही बदल झाले की विंडोज कधीकधी ती मागते, आणि ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बहुधा साठवलेली असते. ती आधीच पाहून वहीत उतरवून ठेवावी.

पायरी १: आपल्याला नेमके काय हवे ते ठरवा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. मी तसे केले आणि त्याचा त्रास माझ्या मामेभावाला झाला. तो ठाण्यात घंटाळीला राहतो. माझ्या घरचे दिवे विझल्याच्या आनंदात मी त्याच्याही संगणकावर तीच सेटिंग करून आले. त्याला मात्र दिवसा कार्यालयातून घरचा संगणक नेटवर्कवरून सुरू करून त्यातल्या फायली पाहण्याची सवय होती. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होईना. शेवटी मामींनी टेबलाखाली वाकून बटण दाबले तेव्हा त्याचे काम झाले.

म्हणून पुढीलपैकी आपली गरज कोणती ते आधी वहीत लिहा. संगणक बंद झाल्यावर सगळे पोर्ट बंद व्हायला हवेत का? की फोन किंवा इअरफोन चार्ज होण्यासाठी एखादा पोर्ट चालू राहायला हवा? संगणक नेटवर्कवरून, कीबोर्डवरून किंवा ठरावीक वेळी आपोआप सुरू व्हावा अशी आपली गरज आहे का? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर पायरी ५ मधील मुख्य सेटिंगला हात न लावता थेट पायरी ७ मधील बटणांच्या हबकडे वळा.

पायरी २: कोणत्या पोर्टला वीज आहे ते मोजून लिहा

संगणक शट डाउन करा, भिंतीवरचे बटण चालूच ठेवा आणि एक मिनिट थांबा. नंतर यूएसबी दिवा एकेका पोर्टात लावून पाहा. कॅबिनेटच्या पुढचे, मागचे, निळ्या रंगाचे, काळ्या रंगाचे आणि टाइप-सी असे सगळे पोर्ट तपासा, कारण एकाच मदरबोर्डवरचे सर्व पोर्ट सारखे वागतील असे नाही. माझ्याकडे मागचे सगळे पोर्ट चालू राहत आणि पुढचे दोन बंद होत. ज्यांना केवळ माउसचाच दिवा नको आहे त्यांचे काम माउस दुसऱ्या पोर्टात लावूनही होऊ शकते, आणि मग बायोस उघडण्याची गरजच उरत नाही.

मागच्या बाजूचा साधा आराखडा वहीत काढून प्रत्येक पोर्टासमोर ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहा. पुढे प्रत्येक बदलानंतर हीच तपासणी पुन्हा करायची आहे.

पायरी ३: विंडोज खरोखर शट डाउन होते का ते पाहा

या पायरीने माझा सर्वांत जास्त वेळ घेतला, म्हणून ती सविस्तर सांगते.

संगणकाच्या विश्रांतीच्या अवस्थांना क्रमांक आहेत. ‘एस३’ म्हणजे झोप, ‘एस४’ म्हणजे हायबरनेट, ज्यात चालू काम डिस्कवर उतरवून ठेवून संगणक बंद होतो, आणि ‘एस५’ म्हणजे पूर्ण शट डाउन. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असते तेव्हा आपण शट डाउन म्हटले तरी विंडोज आपल्या गाभ्याचा भाग डिस्कवर उतरवून ठेवते आणि संगणकाला एस४ मध्ये पाठवते, जेणेकरून सकाळी तो लवकर सुरू व्हावा. आपल्याला दोन्ही अवस्थांत संगणक सारखाच बंद दिसतो, पण मदरबोर्डच्या दृष्टीने त्या वेगळ्या आहेत. आपण बायोसमध्ये ‘फक्त एस५ मध्ये यूएसबीची वीज तोड’ असे सांगितले आणि विंडोज मात्र रोज एस४ मध्ये जात राहिले, तर सेटिंग बरोबर असूनही दिवे जळतच राहतात. माझ्याकडे नेमके हेच घडत होते.

हे तपासण्याचा सोपा मार्ग असा आहे. शिफ्ट कळ दाबून धरा आणि तशीच धरून स्टार्ट मेनूमधून ‘शट डाउन’ निवडा. असे केल्यास त्या एका वेळेपुरते फास्ट स्टार्टअप बाजूला ठेवले जाते आणि संगणक एस५ मध्ये जातो. या वेळी पोर्टांचे वागणे बदलले तर कारण सापडले असे समजा.

फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करण्यासाठी कंट्रोल पॅनेल उघडून ‘पॉवर ऑप्शन्स’ मध्ये जा आणि डाव्या बाजूला पॉवर बटणांनी काय करावे ते ठरवणारा दुवा निवडा. तेथील चौकटी सुरुवातीला फिकट दिसतात. वरती ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला’ अशा अर्थाची ओळ असते, तिच्यावर क्लिक केल्यावर त्या उघडतात. मग ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढून बदल जतन करा. एसएसडी असलेल्या संगणकावर यामुळे सुरू होण्याच्या वेळेत मला जाणवण्याइतका फरक पडला नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर मात्र सकाळी थोडे अधिक थांबावे लागेल.

याच टप्प्यावर अनेक जण एका चुकीच्या वाटेला लागतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’ च्या पॉवर मॅनेजमेंट पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी एक चौकट असते, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही सेटिंग असते. या दोन्ही गोष्टी विंडोज चालू असतानाच्या आहेत. संगणक बंद झाल्यावर विंडोजच उरत नाही, त्यामुळे त्यांचा आपल्या प्रश्नाशी संबंध नाही. त्या चौकटींमध्ये बदल करून माउस मध्येच अडकणे किंवा बाहेरची डिस्क अचानक दिसेनाशी होणे असे नवे त्रास मात्र ओढवू शकतात. ज्यांच्या संगणकावर लिनक्स आहे त्यांना ही पायरी लागू नाही, कारण तेथे शट डाउन म्हणजे एस५ च असते.

पायरी ४: बायोस उघडा

संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ२ ही कळ वारंवार दाबत राहा. सुटे भाग जोडून बनवलेल्या (असेंबल्ड) संगणकांवर बहुधा या दोहोंपैकी एक चालते. डेलवर एफ२, एचपीवर एफ१० आणि लेनोवोवर एफ१ किंवा एफ२ दाबावी लागते. कळ पकडता येत नसेल तर विंडोजमधूनही वाट आहे: सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी आणि त्यातील ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टअप’. संगणक पुन्हा सुरू होऊन निळा पडदा आला की ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि शेवटी ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ निवडा.

बायोस उघडल्यावर कशालाही हात लावण्यापूर्वी ज्या पानांवर जाणार आहात त्यांची छायाचित्रे काढा. आपल्याला एकच ओळ बदलायची आहे. व्होल्टेज, मेमरीचा वेग किंवा सिक्युअर बूट यांच्याशी आपले काही काम नाही.

पायरी ५: योग्य सेटिंग शोधून बदला

ज्या सेटिंगच्या शोधात आपण आहोत तिचे सर्वांत प्रचलित नाव ‘ईआरपी’ आहे. हे नाव युरोपीय संघाच्या ऊर्जाविषयक नियमांवरून आले. २००८ च्या १२७५ क्रमांकाच्या नियमाने बंद अवस्थेतील उपकरणाने किती वीज घ्यावी याला मर्यादा घातली; ती २०१० पासून १ वॉट आणि २०१३ पासून अर्धा वॉट झाली. ही मर्यादा पाळण्यासाठी मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी बंद अवस्थेतला जवळजवळ सगळा पुरवठा तोडण्याची सोय दिली, आणि यूएसबीची वीजही तिच्यात आली. युरोपसाठी घडलेल्या या सोयीचा उपयोग ऐरोलीतल्या हॉलमध्येही तितकाच होतो.

निरनिराळ्या मदरबोर्डांवर ती पुढीलप्रमाणे सापडते.

- असूस: ‘ॲडव्हान्स्ड’ मध्ये ‘एपीएम कॉन्फिगरेशन’ आणि त्यात ‘ईआरपी रेडी’. येथे बंद, फक्त एस५, किंवा एस४ आणि एस५ दोन्ही, असे पर्याय असतात. काही मॉडेलांवर एस५ मध्ये यूएसबीची वीज द्यायची की नाही यासाठी ‘ऑनबोर्ड डिव्हायसेस’ मध्ये स्वतंत्र ओळही असते.
- गिगाबाइट: ‘सेटिंग्ज’ मधील ‘प्लॅटफॉर्म पॉवर’ पानावर ‘ईआरपी’. जुन्या बोर्डांवर ती ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर असते.
- एमएसआय: ‘सेटिंग्ज’, ‘ॲडव्हान्स्ड’, ‘पॉवर मॅनेजमेंट सेटअप’ आणि त्यात ‘ईआरपी रेडी’.
- एएसरॉक: ‘ॲडव्हान्स्ड’ मधील ‘चिपसेट कॉन्फिगरेशन’ पानावर ‘डीप स्लीप’ या नावाने.
- डेलचे डेस्कटॉप: ‘डीप स्लीप कंट्रोल’. एचपीच्या कार्यालयीन डेस्कटॉपवर ‘एस५ मॅक्सिमम पॉवर सेव्हिंग्ज’, तर लेनोवोच्या थिंकसेंटरवर ‘एन्हान्स्ड पॉवर सेव्हिंग मोड’.

नावे मॉडेलनुसार थोडी बदलतात, म्हणून माहितीपुस्तकात हाच शब्द शोधून खात्री करून घ्या. एस४ आणि एस५ असे दोन्ही एकत्र देणारा पर्याय असेल तर तोच निवडावा असे माझे मत आहे, कारण विंडोजच्या एखाद्या मोठ्या अद्ययावतीनंतर फास्ट स्टार्टअप पुन्हा चालू झालेले आढळले तरी दिवे विझलेलेच राहतात. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणाऱ्यांसाठीही हाच पर्याय योग्य आहे.

बदल केल्यावर एफ१० दाबून जतन करा. बाहेर पडताना येणाऱ्या चौकटीत कोणत्या ओळी बदलल्या ते बहुतेक बायोस दाखवतात. तेथे एकच ओळ दिसायला हवी. दुसरे काही दिसले तर जतन न करता बाहेर पडा आणि पुन्हा सुरुवात करा.

ज्यांना नेमके उलटे हवे आहे, म्हणजे संगणक बंद असताना फोन चार्ज व्हायला हवा, त्यांनी हीच सेटिंग बंद ठेवावी. मात्र अपेक्षा माफक ठेवावी. साध्या यूएसबी २.० पोर्टाची ठरलेली मर्यादा ५०० मिलीअँपिअर, म्हणजे २.५ वॉट, आणि यूएसबी ३.० ची ९०० मिलीअँपिअर, म्हणजे ४.५ वॉट आहे. शिवाय वर सांगितलेल्या २-३ अँपिअरमध्येच मदरबोर्डची स्वतःची गरज आणि सगळे पोर्ट भागवायचे असतात. बंद संगणकावर एकाच वेळी तीन-चार फोन लावून ठेवू नका. त्यासाठी भिंतीवरचा चार्जरच योग्य.

पायरी ६: पुन्हा तपासा

विंडोज सुरू होऊ द्या, नेहमीप्रमाणे शट डाउन करा आणि एक मिनिट थांबा. दिवे त्याच क्षणी विझत नाहीत. मदरबोर्ड खोल झोपेत जायला काही सेकंद घेतो. नंतर पायरी २ मधला आराखडा समोर ठेवून प्रत्येक पोर्ट पुन्हा तपासा.

यानंतर संगणक पुढच्या बटणाने व्यवस्थित सुरू होतो ना ते पाहा. ईआरपी चालू केल्यावर नेटवर्कवरून, कीबोर्डवरून किंवा माउसवरून संगणक सुरू होणे थांबते आणि अनेक बोर्डांवर ठरावीक वेळी आपोआप सुरू होण्याची सोयही जाते. हा दोष नाही, त्या सोयींना लागणारी वीजच आपण तोडलेली आहे.

बचतीचा हिशेबही येथेच सांगते. बंद संगणक आणि त्याची उपकरणे मिळून ३ वॉट घेत असतील आणि ती वर्षभर चोवीस तास चालू राहतील असे धरले, तर सुमारे २६ युनिट होतात. महावितरणच्या बिलात हा आकडा मोठा नाही. केवळ वीज वाचवायची म्हणून एवढा खटाटोप करावा असे मी म्हणणार नाही. झोप, काळोख आणि उपकरणांचे अकारण चालू राहणे ही त्यामागची खरी कारणे आहेत.

पायरी ७: बायोसमध्ये ही सोय नसेल तर

पहिला उपाय म्हणजे प्रत्येक पोर्टासाठी वेगळे बटण असलेला यूएसबी हब. ज्यांना संगणक नेटवर्कवरून सुरू करायचा असतो त्यांच्यासाठीही हाच मार्ग आहे. कीबोर्ड आणि माउस हबवर घ्या आणि रात्री त्यांची बटणे बंद करा. मामेभावाकडे मी शेवटी मूळची सेटिंग परत केली आणि माझ्याकडे पडून असलेला हब त्याला दिला. आता दिवे त्याच्या हातात आहेत आणि नेटवर्कवरून संगणक पूर्वीप्रमाणे सुरू होतो.

दुसरा उपाय भिंतीवरचे बटण बंद करण्याचा आहे. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण असल्यामुळे तो सोपा वाटतो, पण त्यात दोन अडचणी आहेत. पावसाळ्यात लाईट जातात म्हणून आपल्यापैकी अनेकांकडे यूपीएस असतो. संगणक यूपीएसवर असताना केवळ भिंतीवरचे बटण बंद केले तर यूपीएसला लाईट गेल्यासारखे वाटते, तो स्वतःच्या बॅटरीवरून एसएमपीएसला वीज देत राहतो, मध्यरात्री आवाज करू लागतो आणि दिवेही तसेच जळतात. रोज असे केल्याने यूपीएसची बॅटरी विनाकारण झिजते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी संगणक शट डाउन, मग यूपीएसचे स्वतःचे बटण, आणि सर्वांत शेवटी भिंतीवरचे बटण. भिंतीवरचे बटण बंद केल्यावर एसएमपीएसमध्ये साठलेली वीज संपेपर्यंत काही दिवे थोडा वेळ रेंगाळतात, त्याने गोंधळू नका.

दुसरी अडचण मदरबोर्डवरच्या गोल सेलची आहे. बहुतेक बोर्डांवर तो सीआर२०३२ प्रकारचा, ३ व्होल्टचा असतो. भिंतीवरची वीज चालू असताना संगणकाचे घड्याळ स्टँडबायच्या विजेवर चालते; ती रोज तोडली की घड्याळाचा सगळा भार या सेलवर येतो आणि तो लवकर संपतो. सुरू करताच तारीख चुकीची दिसू लागली आणि ईआरपीची सेटिंगही आपोआप मूळ स्थितीला गेली, तर आधी हा सेल बदला. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि बदलायला पाच मिनिटे पुरतात. मात्र त्याआधी वायर काढून ठेवणे आवश्यक आहे.

फार जुन्या मदरबोर्डांवर यूएसबी पोर्टांजवळ तीन पिनांचे जंपर असत, म्हणजे तीन पिना आणि त्यांपैकी शेजारच्या दोन जोडणारी एक लहान टोपी. टोपी एका बाजूला असेल तर पोर्टांना फक्त चालू अवस्थेतले ५ व्होल्ट मिळत आणि दुसऱ्या बाजूला सरकवली तर स्टँडबायचे. आपला बोर्ड तसा असेल तर माहितीपुस्तकातला आराखडा पाहूनच, आणि विजेची वायर पूर्ण काढून, टोपी सरकवावी.

पायरी ८: हब आणि मॉनिटर वेगळे तपासा

ईआरपी चालू करूनही दिवे जळत असतील तर उपकरण थेट संगणकाला जोडलेले आहे का ते पाहा. स्वतःचा ॲडाप्टर असलेल्या हबला संगणकाच्या विजेची गरज नसते. त्याला भिंतीवरून वीज मिळत असेपर्यंत तो उपकरणांना देत राहतो. यूएसबी पोर्ट असलेल्या मॉनिटरचेही तसेच आहे. मॉनिटर झोपलेला असताना पोर्ट चालू ठेवायचे की नाही याची सेटिंग त्याच्या स्वतःच्या मेनूमध्ये, मॉनिटरवरच्या बटणांनी उघडणाऱ्या यादीत असते.

हलक्या दर्जाच्या ॲडाप्टरवाल्या हबांमध्ये आणखी एक दोष आढळतो. ते आपली वीज वायरीतून उलटी संगणकाच्या पोर्टात ढकलतात. अशा वेळी संगणक बंद असतानाही मदरबोर्डवरचे दिवे मंद जळताना दिसतात, आणि कधी संगणक सुरू होण्यातच अडथळा येतो. हबची संगणकाकडे जाणारी वायर काढताच ते दिवे विझले तर दोष हबचा आहे, आणि असा हब वापरू नये हेच बरे.

पायरी ९: बाहेरची हार्ड डिस्क

जिला संगणकाकडूनच वीज मिळते अशी लहान डिस्क जोडलेली असेल तर वीज तोडण्यापूर्वी विंडोज पूर्ण बंद होऊ द्या. हबच्या बटणाने डिस्क बंद करायची असेल तर आधी घड्याळाजवळच्या चिन्हावरून ती सुरक्षितपणे ‘इजेक्ट’ करा आणि तिचे फिरणे थांबल्याचा आवाज ऐकल्यावरच बटण दाबा. घरातले लग्नाचे, मुलांचे फोटो याच डिस्कवर असतात आणि मधेच तुटलेल्या विजेने बिघडलेली फाइल परत मिळवणे फार कठीण असते. डिस्कवरचा दिवा जळत असला म्हणजे ती फिरतच आहे असे नाही. हात ठेवून कंप जाणवतो का ते पाहावे.

पायरी १०: लॅपटॉप असेल तर

लॅपटॉपची गोष्ट तुलनेने सोपी आहे. बंद असतानाही वीज देणारा पोर्ट बहुधा एखादाच असतो आणि त्याच्याजवळ विजेचे किंवा बॅटरीचे छोटे चिन्ह असते. डेलच्या बायोसमध्ये या सोयीला ‘यूएसबी पॉवरशेअर’ आणि लेनोवोच्या थिंकपॅडवर ‘ऑलवेज ऑन यूएसबी’ असे नाव आहे. ती चालू असताना त्या पोर्टात बिनवायरी माउसचा रिसीव्हर जरी राहिला तरी बॅटरी हळूहळू उतरत राहते, आणि सकाळी ठाणे स्थानकात लोकलमध्ये बसून लॅपटॉप उघडल्यावर अपेक्षेपेक्षा कमी चार्ज दिसतो. फोन चार्ज करण्यासाठी ही सोय वापरत नसाल तर ती बंद ठेवा, किंवा रिसीव्हर दुसऱ्या पोर्टात लावा.

बदल झाल्यानंतर जपून ठेवायच्या गोष्टी

बायोसची नवी आवृत्ती घातली की बहुतेक वेळा सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला जातात आणि दिवे पुन्हा दिसू लागतात. म्हणून बदललेल्या ओळीचे छायाचित्र मोबाईलमध्ये ठेवा आणि तिचे नाव, पान व तारीख एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर चिकटवा. आमच्याकडे तसा कागद चिकटवलेला आहे, आणि त्याच्याखाली यूपीएस बंद करण्याचा क्रम आईच्या हस्ताक्षरात लिहिलेला आहे, कारण मी घरी नसते तेव्हा संगणक तीच बंद करते.